खरकट्यावर चालणारं हॉटेल

ही हकिकत शंभर टक्के खरी आहे. म्हसवडच्या सिद्धनाथाची शपथ घेऊन सांगतो, यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. आता शपथच घेतली आहे म्हणून कबूल करतो, एखाददुसरा घातला असेल. तेव्हा नव्वद टक्के खरी धरा. आमच्या वेळी दहावीला नव्वद टक्के कुणाला पडत नव्हते, आणि पडले असते तर गावानं हत्तीवरून मिरवलं असतं, त्यामुळे नव्वद म्हणजे काही कमी नाहीत. (मला किती पडले होते ते विचारू नका. तो या गोष्टीचा विषय नाही.)

माझं नाव आकाराम. मलकापूर मागं टाकून कोल्हापूरच्या दिशेनं निघालात की डाव्या हाताला सर्व्हिस रोडवर आमचं हॉटेल लागतं. 'हॉटेल मंगलाकार'. मंगल म्हणजे माझी बायको आणि आकार म्हणजे मी. (आकाराममधला म बोर्डात मावला नाही.) बारा टेबलं, आणि पाठीमागं तीन खोल्यांचं लॉजिंग. तीनपैकी एका खोलीत कांदे राहतात, एकीत दुपारी मी झोपतो आणि तिसरीला अजून दार बसायचं आहे. तरीपण हॉटेल जोरात चालतं, कारण स्वयंपाक मंगल करते. बेळगावहून निघालेला ट्रकवाला वाटेत चहासुद्धा घेत नाही, थेट आमच्याकडं येऊन भूक सोडतो. माझं काम गल्ल्यावर बसायचं, गिऱ्हाइकाला 'जेवण कसं झालं' विचारायचं, आणि त्यानं कौतुक केलं की आपणच रांधल्यासारखी मान हलवायची. हे काम मी बावीस वर्षं एकही रजा न घेता केलं आहे.

सगळं बिघडलं ते एका अंघोळीमुळे.

मे महिन्यात एका लग्नासाठी सांगलीला गेलो होतो. मुक्काम मेव्हण्याकडं, म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ जयराज याच्या हॉटेलात. जयराजचं हॉटेल चार मजली. लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, आणि आरशात स्वतःला बघत जयराज दिवसातून तीसएक वेळा वरखाली करतो. गेल्या वर्षी त्यानं गच्चीवर सोलर बसवलं. दिवे सूर्यावर, पंखे सूर्यावर, गरम पाणी सूर्यावर.

"दाजी," जयराज म्हणाला, "आधी अंघोळ करून घ्या. डायरेक सूर्यावरचं पाणी हाय. फुकाट."

आता मे महिना, सांगलीचं ऊन, दुपारचे दोन. शहाण्या माणसानं गार पाणी घेतलं असतं. पण 'फुकट' हा शब्द कानावर पडला की आमच्या घराण्यातल्या माणसाचं हवामानाकडं लक्ष राहत नाही. मी गरम नळ पूर्ण सोडला आणि तांब्या डोक्यावर ओतला. पहिल्या तांब्याला माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या एका पाहुण्यानं खोली सोडली. (हे नव्वद टक्क्यांतलं आहे.) बाहेर आलो तेव्हा मी उकडलेल्या रताळ्याच्या रंगाचा झालो होतो आणि डोकं चांगलंच शेकलं होतं. पुढचं जे झालं ते त्या शेकलेल्या डोक्यानं झालं, हे लक्षात असू द्या.

जयराजनं मला गच्चीवर नेलं. काळ्या काचांच्या रांगा दाखवल्या. मग मुद्द्यावर आला.

"माझ्याकडं सगळं हाय बगा, दाजी. काय न्हाई तर हाताला चव असलेलं मानूस न्हाई. चार आचारी बदललं. अक्काला सहा म्हैने हिकडं धाडा. किचन लावून देईल, पोरास्नी शिकवंल. तुमच्या त्या पत्र्याच्या शेडात तिची कला वाया चाललीया. तिथं काय, अजून सिलिंडर ढकलताय तुमी."

'पत्र्याचं शेड' हे मला लागलं. (शेड पत्र्याचंच आहे. म्हणूनच लागलं.)

"सिलिंडर?" मी म्हणालो. "सिलिंडर जुनं झालं. आमचं हॉटेल औंदा नैसर्गिक ऊर्जेवर चाललंय."

"कंच्या? तुमच्या पत्र्यावर तर चिंचेची सावली हाय. सोलर कुठं बसणार?"

हे खरं होतं. पण तेवढ्यात खाली, मागल्या दारी, त्याच्या हॉटेलातली बाई खरकट्याची बादली ओतताना दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खरकट्यावर. बायोगॅस."

जयराज हसला. मग हसायचं थांबून त्यानं हात पुढं केला. "आखाडातल्या शेवटच्या रविवारी मी ईस मानसं घिऊन जेवायला येतो. मटान-भाकरी. सगळा सैपाक तुमच्या खरकट्याच्या गॅसवर. शेवटची भाकरी तव्यावरनं उतरंस्तवर जाळ ऱ्हायला, तर म्या पुन्यांदा अक्काचं नाव काडनार न्हाई. जाळ मधीच विझला, तर अक्का दिवाळीपतुर सांगलीत."

मी हात दिला. गरम होता, माझाच.

घरी येऊन मंगलला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"मला इचारलं का?"

"विचारणारच होतो."

"बाजारात म्हस घेताना मानूस आधी तिचं दात तरी बघतो. तुमी माझं तोंडबी बघितलं न्हाई, आन पैजंला लावलं."

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता घातलीच हाय तर जिंका. मला न्हाई जायाचं सांगलीला. भावाच्या घरी पावनी म्हनून जायाचं, आचारीन म्हनून न्हाई." एवढं बोलून तिनं मला चहा दिला. साखर होती. म्हणजे मी धोक्याबाहेर होतो.

बायोगॅसची मोजमापं घ्यायला इस्लामपूरहून प्रियदर्शनी नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. अतिशय हुशार, आणि हातात वही. त्यांनी विचारलं, "रोज खरकटं किती निघतं?"

इथं माझी खरी चूक झाली. खरकटं किती हा प्रश्न मी धंदा किती असा ऐकला. मोठ्या हॉटेलचं खरकटंही मोठं असणार. जयराजकडं दोन पिंपं निघत होती. मी म्हणालो, "पन्नास किलो. सणावाराला साठ."

"ताटातलं सगळं धरून ना?"

"ताटातलंच. पातेल्यातलं वेगळं."

बाईंनी लिहून घेतलं आणि त्या मानानं टाकी बांधून दिली. जमिनीत विहिरीसारखं गोल बांधकाम आणि त्यावर तरंगणारा भलामोठा पिवळा डबा. आत गॅस झाला की डबा वर येतो, वापरला की खाली बसतो. सुरुवातीला विरजण म्हणून शेण घालावं लागतं, तेवढं घातलं. पंधरा दिवसांत डबा असा वर आला की हायवेवरनं दिसायला लागला. मी लगेच उरलेले सिलिंडर हार घालून परत धाडले आणि एजन्सीच्या माणसाला म्हणालो, "पुन्हा येऊ नका."

आठव्या दिवशी डबा खाली बसला.

प्रियदर्शनीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, शेणाचा जोर संपला. आता रोजचे पन्नास किलो घालताय ना?"

मी बादली बघितली. तिच्यात चार हाडं होती, एक लिंबाची साल आणि एक टूथपिक.

आता आमचं गिऱ्हाईक तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या शेजारच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. निवृत्त झालेल्यांतले आठजण रोज दुपारी आमच्याकडं जेवायला येतात. त्यांचे म्होरके सुभेदार जोतिबा. वय बहात्तर, मिशा पस्तिशीच्या. या मंडळींत ताटात टाकणं म्हणजे लढाईत रायफल टाकण्यासारखं. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट असं पुसतात की धुणाऱ्या बाईला कुठलं धुतलंय आणि कुठलं नाही हे कळत नाही. राहिले ट्रकवाले, तर ते मंगलच्या हातचं कशाला टाकतील. भाज्यांची देठं शेजारच्या शेळ्यांना जातात. आमच्या दारातलं कुत्रं बावीस वर्षांत बाळसं धरू शकलं नाही. (कुत्री बदलली, बाळसं नाही.) थोडक्यात, आमचं हॉटेल हे महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी खरकट्याचं हॉटेल होतं आणि त्याला जिल्ह्यातली सगळ्यात मोठी टाकी बसवली होती.

शेण तरी मिळावं, तर आजूबाजूला सगळा ऊस. कुणाकडं मागावं तर म्हणतात, आमच्याच रानाला पुरत न्हाई.

मी भिंतीवरची पाटी बदलली. बावीस वर्षं तिथं 'ताटात अन्न टाकू नये' असं होतं. 'टाकू नये' खोडून त्याजागी 'टाकावे' घातलं आणि वर 'कृपया' जोडलं.

सुभेदार जोतिबा आले, पाटीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली.

"आकाराम, हे कुनी लिवलं?"

"मीच. गॅससाठी लागतं, सुभेदारसाहेब. थोडं थोडं टाकत चला."

"आरं, बर्फात तीन दिवस एका बिस्कुटावर काडलंत आमी. ते बिस्कुट तिगांत वाटून. आन तू मला ह्या वयात टाकायला शिकीवतूस?"

"एखादी भाकरी तरी..."

"बायकू लावलीस पैजंला, आता आन्नबी लावतूस व्हय रं, गड्या."

मग त्यांनी माझ्या डोळ्यात बघत ताट पुसलं, आणि शेजाऱ्याचंही पुसलं.

आखाड लागला. शेवटचा रविवार तीन आठवड्यांवर आला. डब्यानं मान वर केली नव्हती. जेमतेम एक वेळचा चहा होईल एवढाच गॅस. मंगल पाठीमागं चुलीवर लाकडं लावून स्वयंपाक करत होती, धुरानं डोळे लाल करत होती. तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला. लोक टाकत नाहीत, कारण जेवण चांगलं आहे. जेवण थोडं कमी चांगलं झालं तर?

मी खिशात मीठ ठेवायला सुरुवात केली.

मंगल भाकरी थापायला वळली की मी 'काय लागलं-बिगलं तर सांग' असं म्हणत आत जायचो आणि रश्श्याच्या पातेल्यात एक मूठ सोडून यायचो. पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसून बघत राहिलो. सुभेदारांनी पहिला घास घेतला. थांबले. मिशी थरथरली. मग आठही फौजींनी एकमेकांकडं बघितलं.

"सायेब," त्यांतला एक हळूच म्हणाला, "हे जरा..."

"गप," सुभेदार म्हणाले. "बाईमानसानं मनापासनं केलंया. एकबी ताट मागं जाणार न्हाई. ही ऑर्डर हाय."

आठही ताटं चाटूनपुसून झाली. खरकटं काडीभरही वाढलं नाही, पाण्याचे तीन माठ मात्र संपले. दुसऱ्या दिवशी मी दोन मुठी टाकल्या, तर ट्रकवाले जेवून उठेनात, पाण्यासाठी बसून राहिले. मागची टेबलं अडली. तिसऱ्या दिवशी मिठाच्या जोडीला तिखट घातलं. फौजी रडत रडत जेवले. सुभेदारांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"वैनी," ते डोळे पुसत म्हणाले, "जेवान झकास. पन घरात कायतरी दुखनं हाय का? आमाला भाऊ समजून सांगा."

त्या दुपारी मंगलनं पहिल्यांदा पातेल्यातला रस्सा चाखला. (ती रांधताना चाखत नाही. तिला लागतच नाही. बावीस वर्षं नुसत्या वासावर मीठ घालते.) मग ती माझ्याकडं वाटी घेऊन आली.

"चव बघा."

मी चाखली. कान बंद झाले. "बरोबर आहे की," मी म्हणालो.

"तुमाला कवा कळलंय." ती तिथंच पोत्यावर बसली. "आयचं आसंच झालं हुतं," ती म्हणाली. "म्हातारपनी जीभ गेली, मग हात गेला. शेवटी शेवटी भाऊ तिच्या म्होरं खायाचं आन मागं ओतायचं. पन आय साठीला हुती. मी अजून पन्नाशीचीबी न्हाई. आवं, माझा हात गेला वाटतं."

त्यावर मी काय बोललो ते मला लिहवत नाही. मी म्हणालो, "होतं असं. हवा दमट आहे."

सात रात्री मला झोप आली नाही, दिवसा मीठ मात्र चालूच राहिलं. सातव्या रात्री, सकाळी उठून सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं. सकाळी उठलो आणि आधी चहा घ्यावा असं ठरवलं. चहा घेतल्यावर, अंघोळीनंतर सांगू असं ठरवलं. मी अंघोळीला गेलो, आणि मंगलनं माझा शर्ट धुवायला घेतला.

आखाडातली हवा खरंच दमट होती. खिशातलं मीठ पाझरून शर्टाला छातीपासून कमरेपर्यंत पांढरं नकाशासारखं काहीतरी वाळलं होतं. मी टॉवेल लावून बाहेर आलो तेव्हा ती खिसा बोटानं खरवडत होती.

"हे काय?"

"घाम."

"घाम नुसता खिशातच येतो व्हय तुमाला?"

तिनं बोट जिभेला लावलं. मग खिशाच्या शिवणीत अडकलेले खडे एक एक करून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मी टॉवेलवर उभा राहून सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, पळी घेऊन आली आणि त्याच तळहातावर, मिठावर, पळी ठेवली.

"उष्टं पायजे न्हवं तुमाला? मग तुमीच रांधा."

रविवारला दहा दिवस होते.

त्या दहा दिवसांचा इतिहास आमच्या गावात अजून लोक आवाज खाली करून सांगतात. मी आमटी केली, तिच्यातलं पाणी आणि डाळ दोन बाजूंना राहत होते, बोलत नव्हते. भात केला, तो पातेल्याच्या आकारात ताटात उभा राहिला. माझ्या भाकरीत अख्खा सातारा जिल्हा दिसायचा. महाबळेश्वरच्या बाजूला ओली कच्ची, म्हसवडच्या बाजूला करपून कोरडी, आणि मधे कृष्णेचं खोरं पडल्यासारखी चीर.

सुभेदार जोतिबांनी पहिला घास घेतला. चावला. पुन्हा चावला. मिनिटभर छताकडं बघत चावत राहिले. मग भाकरी ताटात ठेवली, उभे राहिले, ताटाला एक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "पल्टन, माघार." एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, असं मागाहून कळलं.

त्या दिवशी बत्तीस किलो खरकटं निघालं. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. हायवेवरचं गिऱ्हाईक रोज नवं, त्यामुळे बोर्ड वाचून येतच राहिलं, एक घास खाऊन जातच राहिलं. आमच्या दारातल्या कुत्र्यानं बादली हुंगली आणि ते रस्ता ओलांडून समोरच्या धाब्यावर राहायला गेलं. टाकीनं मात्र सगळं खाल्लं. पाचव्या दिवशी डब्यानं मान वर काढली. नवव्या दिवशी तो पार काठोकाठ उभा होता, पिवळाधमक. मंगल या सगळ्या दिवसांत दारात खुर्ची टाकून बसायची आणि परत येणारी भरली ताटं मोजायची. तिला दहा वर्षांत इतका आराम मिळाला नव्हता.

शनिवारी तिनं माझ्या हातातून पळी काढून घेतली.

रविवारी जयराज दोन गाड्यांतून वीस माणसं घेऊन आला. उतरल्या उतरल्या त्यानं चोरून ठेवलेला सिलिंडर शोधायला सुरुवात केली. कॉटखाली बघितलं, कांद्यांच्या खोलीत शिरून रडत बाहेर आला, तिसऱ्या खोलीचं दार शोधलं. काही मिळालं नाही तेव्हा टाकीजवळ खुर्ची टाकून डब्याकडं बघत बसला. मी पंच म्हणून प्रियदर्शनीबाईंना बोलावलं होतं. निम्मं गाव चिंचेखाली उभं होतं. सुभेदारांची पलटणही आली होती, कारण स्वयंपाक वैनी करणार ही बातमी पसरली होती.

निळा जाळ लागला. मटण शिजलं, सुकं झालं, रस्सा झाला. त्या रश्श्याचा वास सुटला तसा जयराजचा चेहरा उतरत गेला, आणि त्याच्या बरोबरीनं डबाही. भाकऱ्या सुरू झाल्या तेव्हा डबा अर्ध्यावर होता. साठ भाकऱ्या झाल्या तेव्हा वीतभर. शेवटच्या पाच राहिल्या आणि जाळ पिवळा पडून लवलवायला लागला.

"दाजी," जयराज खुर्चीतून उठला, "अक्काची बॅग भरा."

"गॅस आहे अजून," प्रियदर्शनीबाई डब्याला कान लावून म्हणाल्या. "दाब कमी पडलाय. वर वजन पाहिजे."

मी इकडंतिकडं बघितलं. दगड आणायला वेळ नव्हता. मग सगळे माझ्याकडं बघत आहेत असं लक्षात आलं. मी चप्पल काढली आणि डब्यावर चढून बसलो. आतून मंगलचा आवाज आला, "वाडला, वाडला जाळ."

"हे चालनार न्हाई," जयराज म्हणाला. "पैज नैसर्गिक ऊर्जेची हाय. दाजींचं वजन त्यात कुटं बसतं?"

"बावीस वर्सं आयतं खाऊन झालंया ते," सुभेदार म्हणाले. "ह्याच्यापरीस नैसर्गिक काय आसतं? आन उन्हासारखं संपतबी न्हाई."

पंचांनी वजन मान्य केलं. दोन भाकऱ्या राहिल्या असताना जाळ पुन्हा दबला, तेव्हा सुभेदारांनी हुकूम दिला आणि आठ फौजी डब्यावर चढून माझ्याभोवती शिस्तीत उभे राहिले. डबा खाली जायला लागला. मी मधे बसलेलो, त्यामुळे आधी माझे पाय गेले, मग पोट, मग काठाबाहेर नुसतं डोकं राहिलं. मावळतीला जाणाऱ्या सूर्यासारखा मी त्या खड्ड्यात उतरत असतानाच आतून आवाज आला, "उतरली. शेवटची उतरली."

जयराजनं हात जोडले. मग पाटावर बसला आणि सात भाकऱ्या खाल्ल्या. जाताना मंगलच्या पाया पडून म्हणाला, "अक्का, पुन्यांदा नाव काडनार न्हाई." पहिली गाडी गेली. मंगल माझ्यासाठी ताट घेऊन आली. रश्श्यात मीठ बरोबर होतं. ती समोर बसली, माझ्या केसांतला चिखल पदरानं पुसला आणि म्हणाली, "जाऊ द्या. आपलंच मानूस हाय, चुकायचंच. मी तुमाला सोडून कुटं जाती?"

तर, अशी ही हकिकत.

सुरुवातीला शपथ घेतली होती म्हणून आता सांगून टाकतो, यातला रचलेला भाग कुठला. मी डब्यावर बसलो, ते खरं. आठ फौजी चढले, खरं. सॅल्यूट खरा, पैज जिंकलो तेही खरं, पंचांची सही आहे. मंगल शेवटी जे बोलली, तेवढं मी माझ्या पदरचं घातलं आहे. तिनं ताट ठेवलं होतं, आणि ताटाशेजारी बॅग ठेवली होती. म्हणाली, "पैज तुमी जिंकली. माझा हात गेला म्हनून सात रात्री मी एकटी जागली, ते पैजंत न्हवतं." आणि भावाच्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसली. मागून एवढंच म्हणाली, "दिवाळीला येईन. मनात आलं तर."

सध्या ती सांगलीला आहे. जयराजच्या हॉटेलाबाहेर रांग असते म्हणे. इथलं मी बघतो. सुभेदार जोतिबा वैनींच्या मानाखातर रोज येतात, ताट मागवतात, समोर अर्धा तास ताठ बसतात आणि न शिवता उठून जातात. प्रियदर्शनीबाई परवा येऊन डबा बघून गेल्या, चार हॉटेलवाल्यांना दाखवायला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत इतका गॅस कुणाचाच होत नाही.